खाटेभोवती जमणाऱ्या आपणा सर्वांना

रुग्णालयात दाखल असलेल्यांचे नातेवाईक, त्यांना भेटायला येणारे मित्र, आणि ज्यांच्या शेजारी एखादी नर्स राहते असे सगळे,

सप्रेम नमस्कार.

माझी आई ३४ वर्षं नर्स होती. तिच्या शिफ्टवर आमच्या घराचं वेळापत्रक चालायचं. नर्सचं काम काय असतं हे मला कुणी वेगळं सांगायला नको, असं मी धरून चालले होते. मग बाबा रुग्णालयात दाखल झाले, आणि तिसऱ्याच दिवशी मी तेच केलं जे लोक करतात म्हणून आई घरी येऊन सांगायची.

सकाळच्या औषधांची वेळ होती. सिस्टर ट्रॉलीपाशी उभ्या राहून कुणाच्या तरी गोळ्या काढत होत्या. मी जाऊन विचारलं, कालचा रिपोर्ट आला का? त्यांनी मान वर न करता नुसता हात दाखवला, थांबा म्हणून. मला ते लागलं. रात्रभर झोप नव्हती, बाबांचा ताप उतरत नव्हता. मी आवाज चढवला, "एवढंसं विचारलं तर उत्तरही देता येत नाही का?" त्यांनी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली, माझ्याकडे वळून रिपोर्ट दुपारी येईल असं शांतपणे सांगितलं, आणि औषधांचा तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.

संध्याकाळी हे मी आईला फोनवर सांगितलं, तक्रारीच्याच सुरात. तिने एवढंच विचारलं, "ती औषधं काढत होती का?" हो म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू तिला मध्येच तोडलंस. तेवढ्यात गोळी चुकली असती, तर कुणाच्या तरी बाबांच्या पोटात गेली असती."

हे पत्र त्या फोनपासून माझ्या डोक्यात आहे.

आईचं बोलणं नुसत्या अनुभवाचं नव्हतं. सिडनीमधल्या दोन रुग्णालयांत संशोधकांनी ९८ नर्सना औषधं देताना जवळ उभं राहून पाहिलं आणि चार हजारांहून जास्त वेळा औषध कसं दिलं गेलं याची नोंद केली. २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त वेळा नर्सच्या कामात कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि दर व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. व्यत्यय आणणारे सगळे नातेवाईकच असतात असं नाही. फोन वाजतो, डॉक्टर हाक मारतात, दुसऱ्या खाटेवरून घंटा येते. त्यातला आपला जो वाटा आहे तो मात्र आपल्याला आजपासून कमी करता येईल, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

नर्सबद्दल आदर दाखवायचा म्हटलं की आपल्याला फुलं आठवतात, भाषणं आठवतात, १२ मे आठवतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस, १८२० सालचा, म्हणून त्या दिवशी जगभर परिचारिका दिन पाळतात. तो जरूर पाळावा. पण खाटेशेजारी बसून काढलेल्या तीन आठवड्यांनंतर माझं मत असं झालं आहे की नर्सला आपल्याकडून सगळ्यात आधी हवं असतं ते तिचं लक्ष तिच्याजवळ राहू देणं. ते तिच्याकडे शाबूत असलं तर आपला माणूस सुरक्षित असतो. आपण सगळे मिळून तेच दिवसभर ओरबाडत असतो, आणि जाताना दोन गोड शब्द बोलतो.

औषध देताना नर्स पाच गोष्टी पडताळते. रुग्ण तोच ना, औषध तेच ना, मात्रा तेवढीच ना, द्यायचा मार्ग तोच ना, वेळ तीच ना. तुमच्या वडिलांचं नाव ती दहाव्यांदा विचारते ती विसरली म्हणून नाही. "अहो, चार दिवस झाले, आता तरी ओळखा" असं म्हणून ते हसण्यावारी नेऊ नका. पूर्ण नाव सांगा, मनगटावरची पट्टी पुढे करा.

मनगट धरून घड्याळाकडे बघणारी नर्स नाडी मोजते हे सगळ्यांना माहीत असतं. नाडी मोजून झाल्यावरही ती बऱ्याचदा हात सोडत नाही, हे मात्र लक्षात येत नाही. तेव्हा ती श्वास मोजत असते. तसं सांगितलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून ती बोलत नाही. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. प्रकृती बिघडू लागली की हा आकडा अनेकदा रक्तदाबाच्या आधी हलतो. बाबांच्या बाबतीत एका पहाटे तीनच्या सुमारास तेच झालं. मला ते शांत झोपलेले दिसत होते. सिस्टरनी २८ श्वास मोजले, खात्री करायला पुन्हा मोजले, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ऑक्सिजन लावला, आणि मग मला हलवून उठवलं. मी उठेपर्यंत जे व्हायला हवं होतं ते होऊन गेलं होतं. त्या मिनिटभरात मी जागी असते आणि त्यांच्याशी बोलत बसले असते, तर काय झालं असतं हा विचार मला अजून येतो.

टेबलाशी बसलेल्या नर्सबद्दल आपला मोठा गैरसमज असतो. ती बसलेली दिसली की आपल्याला ती मोकळी वाटते. ती नोंदी लिहीत असते. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" हे नर्सिंगच्या शिक्षणात पहिल्यापासून मनावर ठसवलेलं असतं, कारण पुढच्या शिफ्टची नर्स त्या कागदावरूनच ठरवणार असते की शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, लघवी किती झाली, रात्री किती वेळा उलटी झाली. शिफ्ट बदलताना दोघी मिळून हॅन्डओव्हर करतात, तेव्हा तर त्यांना अजिबात हाक मारू नये. एकीच्या डोक्यातलं सगळं दुसरीच्या डोक्यात जायला मिळतात ती मोजकी मिनिटं, आणि त्यातलं एखादं वाक्य गळलं तर ते आपल्याच माणसाबद्दलचं असू शकतं.

मग विचारायचंच नाही का? विचारायचं. प्रश्न कागदावर लिहून ठेवायचे आणि एकदाच, सगळे मिळून विचारायचे. मी पुढे एवढंच म्हणायला शिकले, "आत्ता विचारू की हातातलं झाल्यावर?" नर्स स्वतः येऊन उत्तर देते, आणि पाठ फिरवायच्या घाईत नसल्यामुळे नीट देते. मात्र श्वास लागला, छातीत दुखायला लागलं, बोलणं अचानक असंबद्ध झालं, रक्त दिसलं, तर तिच्या हातात काहीही असो, हाक मारा. त्या वेळी संकोच करणाऱ्या नातेवाइकांचाही नर्सना त्रासच होतो. आई सांगायची, "उगाच हाका मारणाऱ्यापेक्षा मला तो माणूस जास्त घाबरवायचा जो 'तुम्ही कामात होता म्हणून थांबलो' म्हणायचा."

घरातल्या एकानेच चौकशी करायची आणि बाकीच्यांना त्याने सांगायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आत्या, काका, मेहुणे, परगावचा भाऊ असे सहा जण सहा वेळा फोन करतात आणि सहाही वेळा नर्स काम सोडून तेच वाक्य म्हणते. मोठ्या कुटुंबांत हे ठरवणं कठीण जातं, मान-अपमान आडवे येतात. तरी ठरवाच. दाखल करताना चालू औषधांची यादी, ॲलर्जी आणि जुन्या आजारांची माहिती एका कागदावर लिहून नेली तर नर्सचा वेळ वाचतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक टळते.

आपल्या माणसाची सेवा आपल्या हातून व्हावी असं सगळ्यांना वाटतं. ती विचारून करा. केस विंचरणं, तोंड पुसणं, हात-पाय धुऊन देणं, चष्मा आणि कानातलं यंत्र हाताशी ठेवणं, यातलं बरंच आपण करू शकतो, आणि ते केलं की नर्सला तेवढी मोकळीक मिळते. पण सलाइनची चकती स्वतः फिरवू नका. मशीन वाजायला लागलं म्हणून बटण दाबून गप्प करू नका. कूस बदलायला मदत करायची असली तरी कुठे धरायचं हे आधी विचारा. पडून राहणाऱ्या रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने वळवावं लागतं, आणि ही उचलाउचल करता करता कित्येक नर्सच्या पाठी कायमच्या दुखावतात. आईची कंबर निवृत्तीच्या कितीतरी आधी गेली होती. दुसरा हात लागला तर तिच्या जागी असलेल्या कुणाची तरी वाचेल. आत येताना हात धुणं आणि सर्दी-खोकला असेल तर न येणं, हेही त्या मदतीतच धरा.

भेटायला येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं लिहिते. १८५९ साली नाइटिंगेल यांचं शुश्रूषेवरचं पुस्तक आलं, त्यात एक अख्खं प्रकरण आवाजावर आहे आणि एक आजाऱ्याला पोकळ दिलासे आणि सल्ले देणाऱ्या माणसांवर. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून आलेल्या, सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले हे आकडे मांडून सरकारला दाखवणाऱ्या बाईंना भेटायला येणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहावंसं वाटलं. दीडशेहून जास्त वर्षं उलटली, आपण अजून खाटेभोवती कोंडाळं करून "माझ्या ओळखीत एकाला हेच झालं होतं" म्हणून सुरुवात करतो. आपण गेल्यावर त्या रुग्णाची वाढलेली धडधड, उडालेली झोप आणि हजार शंका नर्सच्या वाट्याला येतात. दोघांनी यावं, दहा मिनिटं बसावं, हळू बोलावं, निघावं.

आता बोलण्याच्या पद्धतीबद्दल. "अहो सिस्टर", "ब्रदर" ही हाक वाईट नाही, पण नर्सच्या छातीवर नावाची पट्टी असते ती वाचायला क्षणभर लागतो. टिचकी वाजवून बोलावणं, "ए" म्हणणं, "तुम्हाला काय कळतं, डॉक्टरांना बोलवा" म्हणणं, हे मी तीन आठवड्यांत इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मोजणं सोडलं. नर्स ही डॉक्टरांच्या हाताखाली सांगकामं करणारी व्यक्ती असते, हा समज मुळातून चुकीचा आहे. तिचं स्वतंत्र शास्त्र आहे, शिक्षण आहे, परवाना आहे. लिहिलेली मात्रा जास्त वाटली तर डॉक्टरांना फोन करून विचारणारी तीच असते. असे कित्येक फोन रोज होतात आणि त्यांच्यामुळे वाचलेल्या रुग्णांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि हात उगारण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हल्ल्याला तोंड द्यावं लागतं. शिव्या, धमक्या, अंगचटीला येणं हे त्याखेरीज. राग बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा असतो. बिल वाढलेलं असतं, तपासणीला उशीर झालेला असतो, डॉक्टर आलेले नसतात, आणि या सगळ्यांच्या वतीने समोर उभी सापडते ती नर्स. आपत्कालीन विभागात मागून आलेल्याला आधी आत घेतलं म्हणून भांडणं होतात. तिथे कोण आधी आला यापेक्षा कुणाचा जीव जास्त धोक्यात आहे यावर क्रम लागतो, आणि तो क्रम लावणं हे अवघड, जबाबदारीचं काम आहे. तुम्हाला थांबवलं असेल तर तुमचा माणूस त्या क्षणी तुलनेने बरा आहे असा त्याचा अर्थ असतो.

आपल्यातला कुणी आवाज चढवू लागला तर बाकीच्यांनी बघत उभं राहू नये, हे माझं या पत्रातलं सगळ्यात कळकळीचं मागणं आहे. त्याला घरच्याच माणसाने दंडाला धरून बाहेर न्यावं. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी उठून नर्सच्या बाजूला उभं राहावं, काही बोलायचीही गरज नसते. नंतर कुणी विचारलं तर जे पाहिलं ते साक्ष म्हणून सांगावं. कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दल २०१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जो करार केला त्यात बाहेरच्या माणसांकडून, म्हणजे रुग्ण आणि नातेवाइकांसारख्यांकडून होणारा त्रासही धरलेला आहे. पण रात्री दोन वाजता वॉर्डात करार कामाला येत नाही, उठून उभं राहणारं माणूस येतं. आईवर एकदा एकाने स्टूल उगारलं होतं. तिला तो माणूस आठवत नाही. खाली मान घालून बसलेले बाकीचे आठवतात.

बरं वाटून घरी जाताना आपण आभार मानतो, तोंडी. तक्रार मात्र लेखी करतो. त्यामुळे नर्सच्या कामाच्या नोंदीत चुकाच जमा होत जातात. यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. घरी गेल्यावर आठवड्याच्या आत नर्सिंग अधीक्षकांच्या किंवा मेट्रनच्या नावे एक पत्र लिहा. "सगळा स्टाफ खूप छान" असं मोघम लिहू नका. वॉर्ड, तारीख, शिफ्ट, नर्सचं नाव आणि तिने नेमकं काय केलं ते लिहा. अमेरिकेत १९९९ मध्ये बार्न्स कुटुंबातला ३३ वर्षांचा मुलगा आजारात गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत नर्सनी जी माया दाखवली तिचे आभार कसे मानावेत या विचारातून त्या कुटुंबाने 'डेझी' पुरस्कार सुरू केला. रुग्ण आणि नातेवाईक एखाद्या नर्सने काय केलं त्याची हकिगत लिहून पाठवतात, त्यावरून तो दिला जातो, आणि आज तो अनेक देशांत पोहोचला आहे. मूल गमावलेल्या घराला हे सुचलं. आपण तर आपला माणूस बरा होऊन घरी घेऊन जात असतो, एक पानभर लिहायला हरकत नाही.

रोख पैसे किंवा महागडी भेट देऊ नका. बहुतेक रुग्णालयांत ती घ्यायला मनाई असते आणि नाकारताना नर्सचीच पंचाईत होते. न विचारता तिचा फोटो काढून कौतुकाने सगळीकडे पाठवणंही नको. त्यात मागच्या खाटेवरचा रुग्ण दिसतो आणि त्याचा जाब तिला द्यावा लागतो.

रुग्णालयाबाहेरही नर्स माणूस असते, आणि तिथे ती आपली शेजारीण असते. २०२० मध्ये किती तरी देशांत लोकांनी खिडक्या-बाल्कन्यांत उभं राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्याच काळात ठिकठिकाणी नर्सना घर सोडायला सांगितलं गेलं, जिन्यात वाट बदलली गेली. टाळ्यांचा आवाज मोठा होता, म्हणून ते दुसरं विसरायला होतं. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या विसरलेल्या नाहीत.

नाइट करून आलेल्या नर्सला दिवसा झोपायचं असतं. रात्रपाळीचा भार झोपेपुरता नाही. शरीराचं घड्याळ वर्षानुवर्षं उलटं फिरवल्याने कर्करोगाचा धोका संभवतो म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा कामाची नोंद 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. आमच्या लहानपणी आई झोपली की मी दाराबाहेर बसायचे, कुणी बेल वाजवू नये म्हणून. शेजारच्या काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ताकीद देऊन ठेवली, आणि दुपारी मला त्यांच्या घरी अभ्यासाला बसवलं. हे कौतुक आहे असं त्यांना कधी वाटलं नसेल. आई अजून त्यांचं नाव काढते. भिंतीला भोकं पाडायची असतील, गाणी लावायची असतील, तर शेजारच्या नर्सला तिची नाइट कधी आहे विचारा. मूल शाळेतून आणणं, घरच्या म्हाताऱ्यांवर नजर ठेवणं, लांबलेल्या ड्यूटीच्या दिवशी तासभर सांभाळणं, यातलं जे जमेल ते स्वतः होऊन सांगा. नर्स सहसा मागत नाहीत. मध्यरात्री घरी येणाऱ्या बाईकडे वळून बघणं आणि त्यावर कुजबुजणं तर तत्काळ थांबवा.

आणि कृपा करून तिला मजल्यावरचा फुकट दवाखाना करू नका. "तुम्ही नर्स आहात ना, एवढं इंजेक्शन टोचून द्या" म्हणताना आपण तिचा परवाना पणाला लावतो, हे आपल्या ध्यानीमनी नसतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, घरच्या खोलीत दिलेल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली तर जबाबदार तीच ठरेल. नाही म्हटलं तर शेजारधर्म सोडला म्हणून बोलणी तिलाच. तिला नाही म्हणायची वेळच आणू नका.

आता जे सांगणार आहे ते एकेकट्याने होणारं नाही, म्हणून हे पत्र खुलं लिहिलं. जगात २०२३ साली सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाखांची कमतरता होती, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो. कमतरता म्हणजे वॉर्डात काय, तर एका नर्सवर जास्त रुग्ण. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या अभ्यासातही जवळपास तेच दिसलं. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून नर्समागे किती रुग्ण असावेत याची मर्यादा घातली आणि २००४ पासून ती लागू झाली. अतिदक्षता विभागात एका नर्सकडे दोनहून जास्त रुग्ण देता येत नाहीत.

आपण बाथरूमची सोय विचारतो, खोलीचं भाडं विचारतो, डॉक्टरांची पदवी बघतो. "या वॉर्डात रात्री किती रुग्णांमागे किती नर्स असतात?" हे विचारत नाही. ते विचारा. नर्सला नाही, व्यवस्थापनाला. रहिवासी संघांनी, महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिकांच्या गटांनी आपल्या भागातल्या रुग्णालयाला आणि लोकप्रतिनिधींना लेखी विचारावं. रिकामी पदं किती आहेत, नाइटच्या नर्सना टेकायला खोली आहे का, रात्री सुटल्यावर त्या घरी कशा जातात. नर्स स्वतः या मागण्या करतात तेव्हा आपल्याला रुग्णांची आठवण येते आणि आपण त्यांनाच दोष देतो. रुग्णांच्या बाजूने आपण मागितलं तर त्यांना हे एकट्यांनी मागत बसावं लागणार नाही.

बाबा घरी आले. श्वास मोजणाऱ्या सिस्टरच्या नावाने मी तारीख, वेळ आणि २८ हा आकडा घालून पत्र दिलं आहे. रात्रीच्या नर्सच्या संख्येबद्दलचं दुसरं पत्र आमच्या रहिवासी संघाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. सह्या हव्या आहेत. तुमच्याकडेही असं पत्र निघावं.

आपली,
एका नर्सची मुलगी

ता. क. ज्या सिस्टरवर मी आवाज चढवला त्यांची दुसऱ्या दिवशी माफी मागितली. औषधांची फेरी संपेपर्यंत थांबले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री तुम्हाला झोप लागली का?"